वाहाकाच्या पुढे, पावसाच्या माणसांच्या गावी

"मिस्तेक लोकांचा मुलूख बघायला चाललोय" म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कुणाची मिस्टेक?" तेव्हा आधी ओळख करून देते. मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका राज्याच्या डोंगराळ भागात राहणारे हे लोक. स्वतःला ते न्यूऊ सावी म्हणवतात, म्हणजे पावसाची माणसं. बहुतेक पर्यटक वाहाका शहर बघून परत फिरतात. आम्ही पुढे चार दिवस काढले, आणि ते चार दिवसच जास्त लक्षात राहिले.

निघण्यापूर्वी एक काम कराच: त्यांच्या चित्रपोथ्या बघून घ्या. हरणाच्या कातड्यावर चुन्यासारखा पांढरा लेप देऊन वर रंगवलेल्या, घडी घालून ठेवायच्या लांबलचक पट्ट्या. मूळ पोथ्या तिकडे दिसायच्या नाहीत. त्या लंडन, ऑक्सफर्ड, व्हिएन्नाला गेल्या, मेक्सिकोत कोलंबिनो नावाची तेवढी उरली. त्यातल्या लंडनच्या नटॉल पोथीची पानं मात्र ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर आहेत. वाचताना तांबड्या रेघांच्या मधून जायचं, शेतात औत वळतं तसं: एका ओळीत खाली, पुढच्या ओळीत वर. माणसांची नावं जन्मदिवसावरून ठेवलेली. १३ आकडे आणि २० चिन्हं मिळून २६० दिवसांचं पंचांग, त्यातला दिवस हेच नाव. आपल्या नावरस नावासारखं, फक्त यांचं उघड आणि रोजच्या वापरातलं.

त्यातला 'आठ हरीण, जग्वार-पंजा' (१०६३ ते १११५) एवढा एक राजा ओळखीचा करून घेतलात तरी पुष्कळ. किनाऱ्यावरचं तुतुतेपेक आणि डोंगरातलं तिलांतोंगो अशी दोन्ही राज्यं त्याने एका मुठीत आणली. प्रतिस्पर्धी राणी 'सहा माकड' आणि तिचा नवरा यांना मारलं, पण त्यांचा पोरगा 'चार वारा' याला जिवंत सोडलं. पुढे त्याच पोराच्या हातून याचा शेवट झाला. भाऊबंदकी आपल्याला काही नवी नाही!

वाहाकात मोंते आल्बान या डोंगरावरच्या प्राचीन शहराचे अवशेष बघायला उघडताक्षणी जा, नंतर ऊन चटके देतं आणि सावली जवळजवळ नाही. शहर झापोतेक या शेजारच्या लोकांचं, पण १९३२ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी ७ नंबरचं थडगं उघडलं तेव्हा आत मिस्तेक कारागिरी सापडली: मेणाचा साचा करून ओतलेलं सोनं, पिरोजा जडवलेली कवटी, स्फटिकाचा पेला. थडगं रिकामं आहे. ऐवज शहरातल्या सांतो दोमिंगोच्या संग्रहालयात ठेवलाय, आणि ते सोमवारी बंद असतं. आमचा पहिला दिवस नेमका सोमवार! सगळी गर्दी सोन्यापुढे असते. तुम्ही कोरीव हाडांपुढे थांबा. बोटाएवढ्या रुंदीत पोथीतलीच चिन्हं कोरली आहेत, आणि दोनचार तर मला ओळखूही आली.

पुढे नोचिस्त्लानच्या वाटेने मिस्तेका आल्ता, म्हणजे वरचा डोंगरी मुलूख. वाहाकातून शेअरच्या व्हॅन मिळतात. यानवित्लानचा सोळाव्या शतकातला दोमिनिकन (ख्रिस्ती साधूंच्या एका पंथाचा) मठ बघून मान दुखते, एवढा उंच. जुन्या चौथऱ्यावरच तो मिस्तेक मजुरांकडून बांधून घेतला. पैसा आला रेशमातून आणि कॉचिनीलमधून. कॉचिनील म्हणजे फड्या निवडुंगावरचा किडा, चिरडला की लालभडक रंग देणारा. तेपोस्कोलुलाचं उघडं प्रार्थनामंदिरही बघा. तिथून चालत जवळच राणीचा वाडा आहे, भिंतीवर दगडी चकत्यांची नक्षी आहे. तिकडे आम्ही दोघंच होतो.

शाकाहारी असाल तर दोन शब्द पाठ करा. त्लायुदा (परातीएवढी कडक मक्याची भाकरी) मागताना "सिन आसिएन्तो" म्हणा, नाहीतर डुकराची चरबी फासून येते. घेवड्याची उसळ "सिन मान्तेका", म्हणजे चरबीशिवाय. एका खानावळीत हे सांगायला विसरलो आणि नवऱ्याने अर्धी संपवल्यावर आम्हाला कळलं. तो अजून त्याबद्दल बोलत नाही.

शेवटचा मुक्काम आपोआला. नोचिस्त्लानपासून दोन तास, बराचसा रस्ता कच्चा. मिस्तेकांचे पहिले राजे इथल्या झाडातून जन्मले अशी कथा आहे, व्हिएन्नाच्या पोथीत ते झाड रंगवलेलंही आहे. गावची मंडळीच राहायच्या खोल्या आणि वाटाड्या देतात. वाटाड्या घ्याच. धबधब्याच्या पायथ्याशी आमच्या वाटाड्याने आधी स्पॅनिशमध्ये गोष्ट सांगितली, मग नवऱ्याच्या आग्रहावरून मिस्तेकमध्ये. स्वरांच्या चढउतारावर अर्थ बदलणारी ही भाषा कानाला गुणगुणल्यासारखी वाटते.

स्वेटर न्या, रात्री थंडी पडते. रोख पेसो न्या. परतीची व्हॅन आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा, आमची पहाटे अंधारात निघाली आणि वाटेत दोन कोंबड्या, एक गॅसची टाकी आणि अर्धं गाव चढलं.