धरणं बघायला एकटाच का जातो: तुम्ही विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ऑफिसात डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत, पंपावर पेट्रोल भरताना एखाद्या अनोळखी माणसानंही, गेली कित्येक वर्षं मला एकच विचारलंय. मोटरसायकलवर एकटाच निघतोस आणि धरणं कसली बघत फिरतोस? किल्ले आहेत, लेणी आहेत, कोकण आहे. सोबत कोणी येत नाही का? घरी सगळं ठीक आहे ना?

घरी सगळं ठीक आहे. हे आता परत सांगणार नाही. मुक्काम कुठे आहे ते बायकोला रोज संध्याकाळी कळवतो. अंधार पडला की गाडी चालवत नाही. पिशवीत जादा ट्यूब, क्लच वायर आणि प्लग असतो. गाडी जुनी स्प्लेंडर आहे, तिला वेग नाही आणि मला तो नकोही आहे. जिथे जायला मनाई आहे तिथे मी जात नाही. कोयनेची भिंतसुद्धा मी लांबूनच, नेहरू उद्यानातून बघितली.

धरणंच का, तर मला धरणं आवडतात. हे कबूल करायला हल्ली संकोच वाटतो, तरी खरं आहे ते आहे. आमचं गाव माढा तालुक्यात, उजनीच्या डाव्या कालव्यावर. लहान असताना एका पावसाळ्यात अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला उजनीचे दरवाजे उघडलेले बघायला नेलं होतं. एक्केचाळीस दरवाजे आहेत उजनीला. पाणी सांडव्यावरून पडत होतं आणि आम्ही उभे होतो तिथली जमीन तळपायाला थरथरत होती. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. अण्णा वाकून माझ्या कानात ओरडले, "हेच पाणी आपल्या पाटाला येतं बरं का." ते वाक्य मी पुढे कितीतरी जणांना अभिमानानं सांगितलं.

राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे बघितलेत तुम्ही? पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कोणी चाक फिरवावं लागत नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेलं ते काम. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, भिंतीला वरच्या अंगाला आडव्या भेगा पडल्या, तरी भिंत उभी राहिली. तिच्यासमोर उभं राहून मला काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. आणि पुण्यातले सहकारी "धरणात काय बघायचं" म्हणतात तेव्हा मला खरंच नवल वाटतं. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्याच शहरात राहून हा प्रश्न पडतो कसा?

पण हे सगळं सांगून झालं तरी समोरच्याचं समाधान होत नाही, आणि आता माझंही होत नाही.

ज्या फेरीबद्दल तुम्ही सगळे विचारता ती 2019च्या मे महिन्यातली. राधानगरी, कोयना, पानशेत, भंडारदरा, जायकवाडी करत सतरा दिवसांनी मी उजनीला आलो. आपलं धरण मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. मे महिनाच का, असंही विचारतात. पावसाळ्यात धरण सगळेच बघतात. मला तळ बघायचा होता. उजनीची साठवण 117 टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे जवळजवळ 2,831 कोटी लिटर. त्यातलं 63 टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात, म्हणजे वापराच्या हिशोबात न धरलेल्या तळच्या साठ्यात, आहे. त्यामुळे उजनी 'शून्य टक्के' झाली तरी निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असतं, आणि मग पेपरात वजा दहा, वजा तीस असे आकडे यायला लागतात. ते आकडे मी पाटाच्या बाजूनं वाचत मोठा झालो. वजा झालं की आमच्याकडे आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटायच्या पाळीची, काळजी. पलीकडच्या अंगाला वजा म्हणजे काय असतं, ते वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी बघितलेलं नव्हतं.

पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि ते बघायला गर्दी होते. मी ते सोडून पलीकडे, करमाळ्याच्या बाजूला कुगावच्या आसपास गेलो. तिथे एक जुना गाडीरस्ता सरळ पाण्याकडे उतरत होता. दोन्ही कडेला बाभळीची काळी खोडं, मध्ये भेगाळलेला गाळ. मी त्याच्यावर गाडी घातली. चाकाखाली शिंपले चुरचुर फुटत होते. डाव्या हाताला एका घराचा चौथरा होता. भिंती कधीच गेल्या होत्या, पण उंबऱ्याचा दगड जागेवर होता. घडीव दगड, आणि मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेला. चाळीस वर्षं पाण्यात राहूनही ती झीज तशीच होती. मी तिच्याकडे बघत होतो, तेवढ्यात पुढचं चाक खाली गेलं.

वर वाळलेला पापुद्रा होता, खाली काळा चिखल. रेस केली तसं मागचं चाकही रुतलं. चिखल सायलेन्सरला लागला तेव्हा गाडी बंद केली. दुपारचे दोन वाजले होते.

लांब पाण्याच्या कडेला दोघं जण पाइप ओढत होते. एक म्हातारा, सत्तरीच्या पुढचा, आणि त्याचा नातू. मी हाक मारायच्या आतच ते यायला निघाले होते. पाणी मागं सरकलं की तिथे मोटर पुढे न्यावी लागते, पाइप जोडावे लागतात, केबल वाढवावी लागते, चर खणावा लागतो. त्या उन्हाळ्यात त्यांनी मोटर चौथ्यांदा हलवली होती. आणि हातातलं ते काम टाकून ते माझ्याकडे आले होते.

नातू फळी आणि पोती आणायला परत गेला. म्हातारा त्या चौथऱ्यावर टेकला आणि आपणहून बोलायला लागला. "ह्यो वाडा पाटलाचा. आमचं घर त्या तिकडं, आजून पाण्यात हाय. औंदा निघतंय का बगायचं." मग म्हणाला, "जिमीन गेली, पाणी आलं. काठावर तीन एकर ऊस हाय आमचा, खोटं कशाला बोलू. पर खालच्यांचा कालवा सुटला की आमची मोटर उघडी पडती. त्यांच्याकडं पाणी आपल्या पायानं चालत जातं. आमाला वडून आनावं लागतं. गाव आमचं बुडालं आन् आमीच पाण्याच्या मागं पळतोय." पलीकडच्या काठाकडे त्यानं हात केला. त्याची बहीण तिकडे कळाशीला दिलेली होती. पूर्वी नदी ओलांडली की बहिणीचं घर यायचं, आता बोटीनं जावं लागतं.

मग त्यानं विचारलं, "तुमी कुठलं म्हनायचं, पावणं?"

"पुण्याचा," मी म्हणालो.

नोकरी पुण्यात, फ्लॅट पुण्यात, आधार कार्डावर पत्ता पुण्याचा. म्हणजे खोटं नव्हतंच, असं मी पुढे वर्षभर स्वतःला सांगितलं. पण कुठलं गाव असं माणूस माणसाला विचारतो तेव्हा तो काय विचारतो हे मला कळत होतं. ऑफिसात कोणी विचारलं तर मी आजही माढा म्हणतो.

म्हातारा हसला. हिरव्या पाण्याकडे बोट करून म्हणाला, "मग तुमच्याच गटारीचं पाणी की हे. समदं इकडंच येतंय." त्याच्या आवाजात राग नव्हता. मी मान खाली घातली. आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. पुण्याची लाज सगळ्या शहरात वाटून घेता येत होती. कालव्याची लाज आमच्या घरातल्या चार माणसांची होती. माझ्या कॉलेजची फी, बहिणीचं लग्न, गावातलं घर, सगळं त्या उसातून आलेलं.

फळी आली, पोती चाकाखाली घातली. मी हँडल धरलं, नातू बाजूला, म्हातारा मागे. त्यानं दोन्ही हात कॅरिअरवर लावले. ते कॅरिअर एका बाजूला वाकलेलं आहे, युरियाची पोती वाहून. तिसऱ्या झटक्याला गाडी वर आली. म्हाताऱ्यानं तळहातानं नंबर प्लेटवरचा चिखल पुसला आणि वाकून बघितलं. एमएच 45. अकलूजचा नंबर. माढ्याच्या गाड्यांनाही तोच आणि करमाळ्याच्या गाड्यांनाही तोच.

"गाडी तर आपल्याकडचीच हाय की."

"मित्राची आहे," मी म्हणालो.

ती गाडी अण्णांची आहे. 2012 साली उसाच्या बिलातून घेतलेली. गुडघे गेल्यावर त्यांनी ती मला दिली आणि देताना पुसून, चेनला तेल घालून दिली.

म्हातारा एकदा कॅरिअरकडे बघत राहिला, एकदा माझ्याकडे. शेतकऱ्याची गाडी शेतकऱ्याला कळते. तो काही बोलला नाही. पैसे काढले तर नातवानंही हात मागे घेतला. पाण्याची बाटली भरून दिली आणि म्हातारा म्हणाला, "सावकाश जावा. कडंकडंनं जावा, मधी अजून वलं हाय."

परत आल्यावर तुम्ही सगळ्यांनी विचारलंत, एकट्यानं काय मिळालं? मी म्हणालो, शांतता. ऑफिसात त्यावर पंधरा मिनिटं बोललो. एकटा माणूस मोकळा असतो, कोणाशी जुळवून घ्यावं लागत नाही, वगैरे. ते बोलणारा मी आज समोर आला तर त्याला विचारीन, कसला मोकळा? एकटा होतास म्हणून तुझं खोटं बिनबोभाट चाललं. सोबत गावचा कोणी असता तर तो पहिल्या वाक्याला म्हणाला असता, आम्ही माढ्याचे.

पण त्याचीही बाजू आहे. चौघं मिळून गेलो असतो तर त्या वाटेला गेलोच नसतो. गाडी रुतली असती तर आपणच ओढून काढली असती, फोटो काढून परत फिरलो असतो. म्हातारा लांबून बघत राहिला असता आणि त्याच्याशी बोलायची वेळच आली नसती. एकट्या माणसाजवळ लोक येतात. सतरा दिवसांत मला जे काही कळलं ते असंच कळलं. म्हणून मी आजही एकटा जातो. हे कारण खरं आहे. पुरेसं आहे का, हे मला ठरवता आलेलं नाही.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? बहुतेक काहीच नाही. त्यानं माझी गाडी तरीही काढली असती. कदाचित कालव्यावरून दोन शब्द बोलला असता, आणि तो त्याचा हक्क होता. मी काही त्याचं पाणी चोरलेलं नाही. अण्णांनी हिवाळ्याच्या रात्री रात्री जागून, शेतात पाणी वळवत दारं धरली आहेत, पाळीसाठी भांडले आहेत. ते पाणी आम्हाला फुकट मिळालं असं कोणी म्हणालं तर मी आजही भांडेन. आणि तरीही त्या दिवशी मी माझ्या बापाची गाडी मित्राची म्हणून सांगितली.

21 मे 2024च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट उलटली. सहा माणसं गेली. मी ऑफिसात बसून बातमीतली नावं वाचत होतो आणि तिसऱ्या नावावर आलो तेव्हा लक्षात आलं की मी काय शोधतोय तेच मला माहीत नाही. म्हाताऱ्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. त्यानं मला गाव विचारलं, मी त्याला काहीच विचारलं नाही.

त्या वाटेला मी नंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळेला पाणी वर होतं, रस्ता पाण्यात शिरत होता, चौथरा दिसला नाही.

गेल्या दिवाळीत अण्णांना हे सगळं सांगितलं. गाडीचंही. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आधी चिडले. "आपण काय चोऱ्या केल्या का? लाजायला काय झालं तुला?" मग बराच वेळ गप्प बसले. पणत्या विझत आल्या तेव्हा म्हणाले, "उंबरा घडीव होता म्हणालास?"

"हो."

"पाटलाचा?"

"तो तसं म्हणाला."

"औंदा उन्हाळ्यात मला घेऊन चल. मागं बसतो. कॅरिअर काढून टाक."

मे महिना जवळ येतोय. उजनीचे आकडे मी रोज बघतोय. अण्णा फोनवर दुसरं काहीच विचारत नाहीत, फक्त "वजा झालं का" एवढंच विचारतात. मी अजून त्यांना हो म्हटलेलं नाही.