आमची वाटचाल : ‘वायरवाले आले!’

२००० साली इचलकरंजीत संगणक केबलने एकमेकांना जोडून द्यायचा धंदा सुरू केला तेव्हा भांडवल म्हणजे एक क्रिंपिंग टूल (केबलला प्लग दाबून बसवायची पक्कड), एक टेस्टर आणि थोरल्या भावाची एम-एटी दुचाकी. पहिलं काम पतसंस्थेचं. पाच संगणक एकाच काळ्या कोअ‍ॅक्स केबलवर माळेसारखे ओवलेले, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारी बुचं. केर काढताना धक्का लागून मधला एक जोड सुटला की पाचही काउंटर ठप्प. आम्ही प्रत्येकाला वेगळी केबल ओढून मधे हब, म्हणजे सगळ्या केबल एकत्र जोडणारी पेटी, बसवला. वायर तुटली तर एकच संगणक बंद पडणार, एवढ्यावरच मॅनेजरसाहेब खूश!

हब बिचारा एका पोर्टवर (केबल खोचायच्या खाचेवर) आलेलं सगळ्यांना ओरडून सांगायचा. स्विच मात्र कुणाचा मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) कुठल्या पोर्टवर आहे ते ध्यानात ठेवतो आणि निरोप तिथेच पोचवतो. स्विचचे भाव उतरले तसे हब निघाले. एक अजून माझ्या टेबलावर आहे, बिलं उडू नयेत म्हणून.

पुढे एका गारमेंट युनिटचं काम दर पाडून घेतलं आणि ते परवडावं म्हणून स्वस्तातली केबल वापरली. खोक्यावर कॅट-६, म्हणजे वेगवान नेटवर्कच्या केबलचा दर्जा, छापलेलं. काही महिन्यांत लांबचे कॅमेरे रात्रीच बंद पडायला लागले, दिवसा ठणठणीत. स्विच बदलला, कॅमेरे बदलले. शेवटी तार ब्लेडने खरवडली, तर आत पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा! कॅमेऱ्याला वीजही त्याच केबलमधून जाते. अंधारात त्याचे दिवे लागले की ओढ वाढायची आणि टोकाला व्होल्टेज पुरायचं नाही. सगळी केबल पदरच्या पैशाने बदलली. त्या वर्षीचा नफा त्या छतात गेला.

आता खोकं आलं की आधी टोक खरवडतो. नवी पोरं ‘पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी’ हा केबलमधल्या आठ तारांचा क्रम पाढ्यासारखा घोकतात. शंभर एमबीपीएस वेगाला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (हजार एमबीपीएस) चारही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी कच्ची राहिली तरी बहुधा काम चालतं, फक्त हळू, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आम्ही स्विचवर वेग बघितल्याशिवाय उठत नाही. स्विचपासून संगणकापर्यंत १०० मीटरच्या आत, आणि दोन्ही टोकांना नंबर.

गेल्या पावसाळ्यात एका ऑफिसचा फोन आला, सगळं नेटवर्क बंद. जाऊन बघतो तर स्विचचे सगळे दिवे एकदम फडफडतायत. लोंबणारी वायर दिसली म्हणून कुणीतरी तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खोचून ठेवलेलं, त्यामुळे निरोप आतल्या आत गोल फिरत राहिलेले. उपसलं, झालं. बिल कशाचं लावायचं? चहा घेऊन परत आलो.