फॅट किती लागली?

आमच्या घरात फॅट हा शब्द आधी दुधाचा होता. कोल्हापूरकडचं गाव, दोन म्हशी, आणि सकाळी डेअरीवरून कोणी परत आलं की पहिला प्रश्न एकच, आज फॅट किती लागली. सात लागली की आईचा चेहरा बघण्यासारखा, सहाच्या खाली आली की दिवसभर मशीनला शिव्या, कारण दर त्यावरच. तर मागच्या महिन्यात मी सेलमध्ये तो काचेचा फॅट दाखवणारा वजनकाटा मागवला, उभा राहिलो, मोबाईलवर 28.1 असं आलं आणि मी ते मोठ्याने वाचलं, तेव्हा पुण्यात आमच्याकडे राहायला आलेली आई सोफ्यावरून म्हणाली, "अठ्ठावीस? आरं आपल्या म्हशीला धा लागली असती तर मी गावभर पेढं वाटलं असतं."

मग विचारते, "आणि एसएनएफ?" म्हणजे दुधातलं पाणी आणि फॅट सोडून जे उरतं ते.

तिला समजावून सांगायला गेलो आणि लक्षात आलं की हा काटा चरबी मोजतच नाही. तळपायांखाली धातूच्या पट्ट्या असतात, त्यातून अगदी बारीक करंट सोडतात, एक मिलीअँपपेक्षाही कमी, सेकंदाला साधारण 50 हजार वेळा पुढे जाऊन मागे येणारा, तो एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्यातून खाली उतरतो. स्नायूंमध्ये पाऊण हिस्सा पाणीच, तिथून तो सुसाट जातो, चरबीत पाणी फार कमी, तिथे अडतो. किती अडला ते आणि वजन, एवढ्या दोनच गोष्टी काट्याला खरंच कळतात. बाकी उंची, वय, बाई का पुरुष हे सगळं आपणच अ‍ॅपमध्ये भरलेलं असतं, त्याचा फॉर्म्युला लावून तो दशांशासकट आकडा तोंडावर फेकतो. आणि गंमत म्हणजे माझी सगळी इस्टेट पोटावर आहे, पण करंट पायातून पायात, पोटाकडे फारसा फिरकतच नाही, गावात न शिरता फाट्यावरूनच परत फिरणाऱ्या एसटीसारखा. तरी पोटातल्या चरबीचा आकडा अ‍ॅपमध्ये वेगळा आहेच, शिवाय हाडं, प्रथिनं, आणि 'शरीराचं वय' म्हणून एक प्रकार आहे त्याने मला 51 चा केला, मी 44 चा आहे.

राग आला म्हणून मी काट्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. अ‍ॅपमध्ये उंची पाच सेंटिमीटर वाढवली, लगेच फॅट दोन टक्क्यांनी उतरली, इतका सोपा डाएट मी आजवर केला नव्हता. मग आईने आणलेली घनसाळ तांदळाची पाच किलोची पिशवी छातीशी धरून उभा राहिलो. वजन 78.4 चं 83.4 झालं, बरोब्बर, त्यात खोट नाही. पण फॅट गेली 31 वर! म्हणजे वजन वाढलं, करंटला मात्र पायात नवीन काही सापडलं नाही, मग काट्याने बहुतेक तांदूळ माझ्या चरबीच्या खात्यावर टाकला. तांब्याभर पाणी पिऊन लगेच उभं राहिलं तरी थोड्याफार प्रमाणात हेच होतं, पोटातलं ताजं पाणी त्याला दिसत नाही, फक्त वजन दिसतं. सकाळी आणि रात्री दीड-दोन टक्क्यांचा फरक तर रोजचाच, आता एका दिवसात माझी दीड किलो चरबी कुठे जाऊन येते? आणि पायाला तेल चोळून उभा राहिलो तर नुसती वजनाची ओळ, पुढे सगळ्या रेघा. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या आधी उभं राहायला हे बरंय.

डेअरीत मशीनवर भांडण झालं की गर्बर पद्धतीने टेस्ट करायला लावायचे. काचेच्या नळीत दूध, सल्फ्युरिक अ‍ॅसिड, थोडं अमाइल अल्कोहोल, नळ्या यंत्रात गरगर फिरवायच्या की चरबी वेगळी होऊन नळीच्या मानेत चढते आणि तिथल्या रेघांवर डोळ्यांनी वाचायची. भांडण मिटतं, कारण चरबी समोर दिसते. माणसाची चरबी अशी काढून दाखवायला माणूस मेलेला लागतो. जिवंतपणी जवळपास जायचं तर डेक्सा स्कॅन, दोन वेगवेगळ्या ताकदीचे एक्स-रे, मूळचं हाडांची घनता बघायचं यंत्र. त्याच्याशी ताडून बघितलं तर घरचा काटा एखाद्या माणसाला चार-पाच टक्क्यांनी सहज चुकतो.

आणि डेक्सावरून आठवलं, पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3, पण डेक्सावर चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला वाय-वाय पॅराडॉक्स म्हणतात. उंचीच्या मानाने वजन सारखं असून आत एवढा फरक! तेव्हा काट्यातला फॉर्म्युला कुठल्या लोकांवरून बनवलाय हे खोक्यावर छापायला हवं की नको? माझ्या खोक्यावर बॅटरी कुठली घालायची ते पाच भाषांत आहे, हे मात्र नाही.

तरी मी रोज उभा राहतो, सकाळी, संडास झाल्यावर, चहाच्या आधी, तोच काटा, तीच फरशी. महिन्याच्या शेवटी रेघ खाली चाललीय का वर एवढं बघतो. खोटं बोलायचं तर रोज सारखंच बोल, एवढीच अपेक्षा.

परवा आई म्हणाली, माझी पण बघ. पेसमेकर वगैरे असता तर उभंच केलं नसतं, तसं काही नाही. अ‍ॅपला जन्मतारीख हवी, तिची 1 जून, म्हणजे शाळेत गुरुजींनी टाकलेली, आमच्याकडे अर्ध्या गावाची तीच. ती उभी राहिली. वजन 52.6 आलं, पुढे रेघाच रेघा. जन्मभर शेतात अनवाणी फिरलेले पाय, टाचांना भेगा, कातडी कोरडी ठणठणीत, करंट शिरणार कुठून? मी ओल्या फडक्याने तळवे पुसले, परत उभं केलं, 34.2. मग जरा जास्तच ओले केले, तर 32.9.

आई मोबाईलकडे बघून खुदकन हसली. "पाणी घातल्यावर कमीच लागती बाबा फॅट."