उजव्या जाळीतून लू, डाव्या जाळीतून गारवा

आमची गाडी २००९ची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४च्या पुढे गेला, की एसीचे सगळे दोष एकदम वर येतात. यंदाचा दोष जरा वेगळा होता. डावीकडे बसलेली बायको ओढणी गुंडाळून घ्यायची आणि स्टिअरिंगवर मी घामाघूम. एसी चालू होता, ब्लोअर जोरात होता, पण माझ्या बाजूच्या जाळीतून येणारी हवा जेमतेम कोमट.

एसीवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं. "काही नाही काका, गॅस कमी झाला असन. भरून टाकू." मागच्या उन्हाळ्यातही हेच झालं होतं. पण गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. नळ्या बंद असतात आणि तोच गॅस फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षाकाठी थोडा झिरपतो हे खरं, पण एका वर्षात एवढा कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस सोडायचा म्हणजे पुढच्या मे महिन्याचं गिऱ्हाईक आजच बांधून ठेवायचं.

म्हणून आधी मोजायचं ठरवलं. वायरवाला स्वस्त डिजिटल थर्मामीटर आणला, काचा बंद केल्या, आतलीच हवा फिरवणारं बटण लावलं, ब्लोअर दोनवर ठेवला आणि एकेका जाळीत वायरचं टोक खोचलं. दुपारी, इंजिन चांगलं तापलेलं असताना, डावीकडे ११ अंश आणि उजवीकडे २०. सकाळी थंड इंजिन सुरू केल्या केल्या मोजलं तर फरक ६ अंशांचा. मला हा सकाळ-दुपारचा फरकच जास्त कामाचा वाटला. इंजिन थंड असताना हीटरच्या कॉइलमध्ये गरम पाणी नसतं. म्हणजे ते ६ अंश हीटरमुळे असूच शकत नाहीत, आणि दुपारी वाढणारे ३ बहुधा हीटरमुळेच.

कंडेन्सर म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गरम गॅस थंड करून त्याचा द्रव करणारी जाळी. तिचा पंखा फिरत होता. तो बंद असता तर सिग्नलला उभं राहिल्यावर सगळ्याच जाळ्या सारख्या गरम झाल्या असत्या. ग्लोव्ह बॉक्स काढून पाहिला. केबिन फिल्टरची जागा आहे, फिल्टर मात्र कधी बसवलेलाच नाही! कूलिंग कॉइलवर धुळीचा पापुद्रा होता. तो साफ केल्यावर हवेचा जोर वाढला, फरक तसाच.

गॅस कमी असला की एकच बाजू का तापते, तर कॉइलमध्ये शिरतो तो द्रव, आणि तो उकळताना उष्णता शोषतो. द्रव कमी असला तर अर्ध्या वाटेतच उकळून संपतो. पुढच्या भागात नुसता वायू फिरतो आणि त्याला उष्णता फारशी ओढता येत नाही. त्या भागावरून येणारी हवा ज्या जाळीला मिळते, तिथला माणूस घामाघूम. आमच्या गाडीत तो मीच.

दुसऱ्या गॅरेजचा कारागीर मितभाषी निघाला, ते बरंच झालं. गाडी बंद असताना गेज लावून "प्रेशर बराबर हाये" असं तो म्हणाला नाही. म्हणण्यात अर्थही नव्हता. आत थोडासा द्रव शिल्लक असला तरी ३५ अंशांना आर-१३४ए, म्हणजे एसीतला हा गॅस, साधारण ११५ पीएसआय दाब दाखवतो, मग गॅस शंभर ग्रॅम असो की चारशे. त्याने उरलेला गॅस मशीनमध्ये ओढून वजन केलं, तर निम्म्याहून कमी. मग नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले ते कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात. तिथे तेलकट धुळीचा डाग आधीपासूनच होता, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. गळती शोधायची असेल तर आधी असे डाग शोधावेत.

कंडेन्सर बदलला, त्याबरोबर ओल शोषणारा ड्रायर आणि सांध्यांतल्या रबरी ओ-रिंगही. मग पाऊण तास व्हॅक्यूम. इथे घाई करणाऱ्यांवर माझा राग आहे. आत राहिलेली ओल व्हॅक्यूममध्येच उकळून निघते, नाहीतर ती तेलात मिसळून आम्ल तयार करते आणि कॉइलमध्ये द्रव सोडणाऱ्या बारीक तोंडाच्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठून बसते. शेवटी बॉनेटच्या स्टिकरवर लिहिला होता तेवढाच गॅस, काट्यावर तोलून. जास्त भरला तर दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं, दोन्हीकडे सारखं. दुपारी डावीकडे ९, उजवीकडे १२. म्हणजे ते ३ अंश अपेक्षेप्रमाणे शिल्लक होते. नॉब पूर्ण थंडवर असूनही हीटरचा फ्लॅप, म्हणजे गरम हवा अडवणारी झडप, नीट मिटत नव्हता. त्याच्या कडेचा फोम झिजला असावा. तो बदलायचा तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि गाडीची आजची किंमत पाहता मी तो खर्च करणार नाही. कारागिराने हीटरच्या होजला हाताने फिरवायचा कॉक बसवला. पाणी अडून न राहता बाहेरच्या बाहेर परत इंजिनकडे वळेल अशी जोडणी केली, कारण काही इंजिनांत ही वाट नुसती बंद केली तर पाण्याचं फिरणं बिघडतं. आता फरक १ अंशाचा आहे. हिवाळ्यात चिखलदऱ्याला जायचं झालं तर तेवढा कॉक आठवणीने उघडावा लागेल.