मे महिन्यात जैसलमेर, लॅपटॉपसकट: समच्या पॅकेजच्या नादी लागू नका

आधीच सांगतो, मी नागपूरचा. ४५ डिग्री, दुपारचे सामसूम रस्ते, तोंडाला दुपट्टा, कूलरमध्ये पाणी कोण भरणार यावरून भांडणं, हे सगळं घरचंच आहे. त्यामुळे "उन्हाळ्यात राजस्थान? डोकं फिरलं का" वाल्यांना मी उत्तर देत बसत नाही. माझं काम रिमोट, टीम अमेरिकेची, शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११, म्हणजे सकाळ पूर्ण मोकळी, आणि ऑफ सीझनला जैसलमेरमध्ये खोल्या निम्म्या भावात मिळतात असं सगळीकडे वाचलेलं. खोल्या खरंच स्वस्त मिळतात, त्यात खोटं नाही. पण बाकी जे काही वाचून गेलो ते डिसेंबरात जाऊन आलेल्या लोकांनी लिहिलेलं आहे हे तिथे पोचल्यावर कळतं. "रात्री वाळवंट गार पडतं, शाल न्या" म्हणे. मे-जूनमध्ये रात्रीसुद्धा पारा २५-२७ च्या आसपासच रेंगाळतो. शाल कसली नेता.

सगळ्यात आधी सम, कारण राग अजून गेलेला नाही.

सम म्हणजे शहरापासून पश्चिमेला ४०-४२ किमीवरच्या वाळूच्या टेकड्या, जाहिरातीत दिसतात त्या. गावात पाऊल टाकल्यापासून ऑटोवाला, ज्यूसवाला, पानवाला, जो भेटेल तो विचारतो, "सर, डेझर्ट कॅम्प?" मला एका एजंटने माणशी २,८०० सांगितले. एसी टेंट, उंट, जीप, कल्चरल प्रोग्रॅम, जेवण, नाश्ता, नेणं-आणणं सगळं धरून. सीझनला ह्याचेच ५,००० घेतो म्हणाला. शनिवार होता, कॉल नव्हते, म्हटलं चला.

आता ऐका. मे-जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो साडेसात-पावणेआठला, कारण आपण देशाच्या पार पश्चिम टोकाला असतो आणि घड्याळ मात्र तेच. नागपूरला ह्याच दिवसांत सातच्या आत सूर्य गेलेला असतो. म्हणजे समला सहा-सव्वासहाच्या आधी जाण्यात काही अर्थ नाही. पण गाडीवाला तीनला दारात हजर, कारण त्याला नंतर दुसरी सवारी आहे. पावणेचारला कॅम्पवर. ओळीने टेंट, अर्ध्यांचं कापड उतरवून ठेवलेलं, आणि पाहुणे म्हणजे मी आणि सुरतचं एक जोडपं. तिथले बरेच कॅम्प उन्हाळ्यात बंदच असतात, हे एजंट सांगत नाही. टेंटमध्ये एसी आहे, दिसतोय, भिंतीला (म्हणजे कापडाला) टांगलेला आहे. रिमोट दाबला, काही नाही. पोरगा आला, म्हणाला, "जनरेटर सात बजे चालू होगा साहब, डीज़ल का खर्चा है ना."

चार ते सात. कॅनव्हासच्या टेंटमध्ये, पंख्याशिवाय. कापडाच्या शिवणीतून उन्हाच्या रेषा गादीवर पडत होत्या आणि त्या रेषेवर हात ठेववत नव्हता. दाराच्या चेनचं लोखंडी टोक दुपट्ट्यात धरून ओढावं लागत होतं. बाहेर गेलो तर झळा, आत आलो तर कोंडमारा. प्यायच्या पाण्याची बाटली ५० रुपये आणि तीही कोमट. फोनने "तापमान कमी होईपर्यंत थांबा" असं दाखवून स्क्रीन बंद केली. सुरतवाली ताई बिचारी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती आणि तिचा नवरा एजंटला फोनवर फोन लावत होता, जो अर्थातच उचलत नव्हता.

साडेपाचला उंट. पॅकेजमधला उंट म्हणजे कॅम्पच्या कुंपणाला एक चक्कर. टेकडीपर्यंत जायचं असेल तर "वो अलग है", ६०० रुपये. पॅकेजमधली जीप म्हणजे रस्त्याच्या कडेपर्यंत सोडणार, वाळूत चढवायची तर आणखी १,५०० आणि हे सगळं अशा ठिकाणी सांगतात जिथून चालत परत जायची सोय नाही. मग सातच्या सुमाराला पश्चिमेला आकाश तपकिरी झालं आणि आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, आलं. सूर्यास्त रद्द. कल्चरल प्रोग्रॅम रद्द. जेवणात वाळू. रात्री बाराला पोरगा परत दारात, बारानंतर एसी हवा असेल तर ३०० वेगळे. पाण्याच्या तीन बाटल्या धरून माझा हिशेब ५,३५० झाला, म्हणजे सीझनच्या भावापेक्षा साडेतीनशे जास्त. ऑफ सीझन डिस्काउंट झिंदाबाद.

हीच जागा नंतर एका वर्किंग डेला, ऑफिसच्या आधी, भाड्याच्या स्कूटीवर जाऊन पाहिली. स्कूटी ५०० रुपये दिवस, वर दोनशेचं पेट्रोल. साडेचारला निघालो, रस्ता उत्तम, जवळजवळ सरळ, फक्त अंधारात उंट आणि गाई रस्त्यातच बसलेल्या असतात म्हणून पन्नासच्या वर जाऊ नका. सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो. त्या वेळी वाळू अनवाणी पायाला गार लागते, रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवसाचे सगळे टायर आणि बूट पुसून टाकलेले असतात, आणि त्यावर काळ्या किड्यांच्या पावलांची शिवण घातल्यासारखी बारीक नक्षी. एक किडा चढाला लागला होता, वाळू घसरून खाली यायचा, परत चढायचा, मी अर्धा तास नुसता तेच बघत बसलो. माणूस एक नाही. उंटवाले काका चहा पीत होते, "बोहनी का टाइम है भाईसा" म्हणून १५० मध्ये लांब फिरवून आणलं. आठला परत खोलीवर, आंघोळ, झोप, दोनला लॉगिन. एकूण खर्च ९०० च्या आत. तर उन्हाळ्यात समला मुक्काम अजिबात करायचा नाही, पहाटे जाऊन यायचं, विषय संपला.

आता खोली. लोक एसी बघून बुक करतात. एसी नका बघू, मजला बघा. जुन्या घरांच्या भिंती पिवळ्या दगडाच्या, चांगल्या जाड, खालच्या किंवा मधल्या मजल्यावर दुपारी बरं वाटतं. वरचा मजला मात्र दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता अंगावर सोडतो. "रूफटॉप रूम, फोर्ट व्ह्यू" थंडीत घ्या. माझी पहिली खोली तीच होती, दुसऱ्याच दिवशी बदलली. एसी दुपारी व्होल्टेज पडलं की ट्रिप व्हायचा, शिवाय त्याचं बाहेरचं युनिट गच्चीवर भर उन्हात, तो तरी काय करणार बिचारा. खालच्या खोलीत खिडकीला मोठा पत्र्याचा कूलर होता, आणि विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, कोरड्या हवेत कूलरसारखं काही नाही. मुंबई-पुण्याच्या लोकांना कूलर म्हणजे दमट वारा वाटतो, तिकडे वेगळी गोष्ट आहे, अर्ध्या तासात खोली गार. पावसाळी हवा आली की मात्र कूलर बेकार. कॉलवर आवाज येतो हा एक त्रास, समोरच्याने मला विचारलं की तू विमानतळावर आहेस का, तेव्हा चांगला माइकवाला हेडसेट न्या. आणि लॅपटॉप कूलरच्या थेट समोर ठेवू नका, ओलावा आणि धूळ दोन्ही आत जातात.

आंघोळ पहाटे उरकायची. संध्याकाळी सहाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, बादली भरून दोन तास ठेवावी लागते.

कामाचं सांगायचं तर इंटरनेट ठीक आहे, लाइट हा प्रॉब्लेम आहे. संध्याकाळी आंधी आली की लाइट जाते, आणि अमेरिकावाल्यांचे कॉल नेमके तेव्हाच. सगळे हॉटेलवाले "पॉवर बॅकअप है" म्हणतात, आणि ते खरं असतं, पण तो बॅकअप म्हणजे ट्यूबलाइट आणि पंखा. माझा राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हताच. हॉटेलवाल्याच्या भावाने एक्स्टेन्शन ओढून जोडून दिला तेव्हा सुरळीत झालं. बुक करताना "वायफाय आहे का" विचारू नका, "लाइट गेल्यावर राउटर चालतो का" विचारा. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिमं ठेवा. आणि गच्चीवरच्या कॅफेत बसून काम करायचे फोटो टाकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, बहुतेक फोन-लॅपटॉप ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, दुपार व्हायच्या आधीच तिथे त्याच्या पुढे पारा जातो. लॅपटॉप आधी स्लो होतो, मग चार्जिंग घेत नाही. पॉवर बँक उभ्या गाडीत किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, गंमत नाही ही.

बघायच्या जागा सकाळी साडेपाच ते साडेनऊ. किल्ला रावल जैसलने ११५६ मध्ये वसवलेला, आत अजूनही वस्ती आहे, दारात दूधवाले, शाळेची पोरं, सकाळी सहाला तो गाव वाटतो, अकराला बाजार. जैन मंदिरं बाहेरच्या लोकांना सकाळच्या वेळीच बघू देतात, दुपारवर ढकलू नका. किल्ल्याच्या आत राहू नका असं माझं मत, आतल्या घरांचं सांडपाणी मुरून बुरुज ढासळलेत. गडीसर तलाव, बडा बाग छान आहेत, सकाळी जाऊन या. पटवों की हवेली एकच नाही, पाच आहेत, आत सरकारी आणि खासगी अशी वेगवेगळी तिकिटं, एक बघितली तरी चालतं.

कुलधरा १८ किमी. पालीवाल ब्राह्मणांचं सोडून दिलेलं गाव. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंगाच्या जुलमाची आणि एका रात्रीत ८४ गावं रिकामी झाल्याची गोष्ट ड्रायव्हर तुम्हाला सांगणारच, भुतांचीही सांगेल. मला त्याहून भारी वाटल्या त्या पालीवालांच्या खडीन. उताराला लांबलचक मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी मागे साठू द्यायचं, ते मुरलं की त्याच ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा. मोटर नाही, विहीर नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी असल्यामुळे बांध स्पष्ट दिसतो, जवळच्या खाबा गावाच्या बाजूला गेलात तर बघा. कुलधऱ्यात सावली मात्र शून्य, नऊच्या आत बाहेर पडा.

तनोट-लोंगेवाला (सीमेजवळचं तनोट मातेचं मंदिर आणि १९७१ ची रणभूमी) सुट्टीच्या दिवशीच, एका बाजूला १२० किमी आहे, टॅक्सीवाला एसीचे वेगळे मागतो ते आधी ठरवून घ्या. मोबाईलला वाटेतल्या रामगढच्या पुढे रेंज येत-जात होती, तेव्हा "तिथून कॉल घेईन" हा विचार सोडा.

तब्येतीचं एकच. आपल्याकडे घाम दिसतो म्हणून पाणी प्यायची आठवण होते. तिथे घाम येतो आणि लगेच वाळतो, शर्ट कोरडा, म्हणून वाटतं आपण ठीक आहोत. तहान लागायची वाट न बघता प्या, ओआरएस ठेवा, छाछ जागोजागी मिळते ती घ्या. लघवी गडद पिवळी झाली की त्या दिवशीचं फिरणं बंद. डोकं दुखून मळमळायला लागलं तर सावलीत या, अंग ओलं करा, "थोड्या वेळाने बरं वाटेल" म्हणत बसू नका. दुपारी बारा ते पाच बाहेर पडायचं नाही, मी नागपूरचा असूनही सांगतोय.

जायला-यायला जोधपूरहून रेल्वे बरी, साधारण पाच-सहा तास. वाटेत फलोदी लागतं, तेच जिथे १९ मे २०१६ ला ५१ डिग्री नोंदवलं गेलं होतं. पैसे वाचवायला स्लीपर घेऊ नका, दिवसाच्या गाडीत तर नाहीच. खिडकी उघडी ठेवली तर वाळू, बंद केली तर भाजून निघाल. एसी डबा घ्या आणि तोही जातानाच परतीचा बुक करून टाका, माझं परतीचं वेटिंगवर राहिलं आणि शेवटी बसने जोधपूर गाठावं लागलं, तिकिटावर एसी लिहिलेल्या बसने, ज्याचा एसी पोकरणपर्यंतच चालला.