वरचा ड्रायर लावला की खालचा टायमर थांबायचा

वॉशिंग मशीन रिपेअरच्या कामात मला आता १४ वर्षं झाली, पण हा एक कॉल अजून डोक्यातून जात नाही. मशीन म्हणजे खाली वॉशर आणि वर ड्रायर, दोन्ही एकाच उभ्या बॉडीत, मध्ये एक पॅनल आणि त्या पॅनलवर दोघांचे वेगवेगळे टायमर, डायलवाले, जुन्या पद्धतीचे. तक्रार अशी की वॉशरचा डायल धुण्याच्या मधेच अडकतो आणि मशीन कपडे घुसळत बसतं, तास-दीड तास, बंद केल्याशिवाय थांबतच नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा काकूंनी दारातच सांगितलं होतं, "दादा, वरचा ड्रायर लावला ना की खालचं थांबतं बघा." मी म्हणलं काकू, त्याचा याचा काही संबंध नाही, दोघांचे टायमर वेगळे. मग मशीन लावून बघितलं तर चांगली वीस मिनिटं डायल हलला नाही (ड्रायर तेव्हा चालूच होता, त्यांचे कपडे वाळत होते, पण माझं तिकडे लक्षच नाही). मीटर (व्होल्टेज, ओहम मोजतो तो) न लावताच ठरवलं की टायमर गेला. नवीन आणून बसवला, डायल टक्क टक्क करत पुढे जायला लागला, मी निघालो.

दोन दिवसांनी फोन. परत तेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही खरं सांगतो. नवा टायमर दोन दिवसात जाणं शक्य असतं पण तोच फॉल्ट, तसाच, हे काही पटेना. जुना टायमर माझ्याच बॅगेत होता, सकाळी उठल्या उठल्या त्याच्या मोटरला मीटर लावला तर काही हजार ओहम दाखवले, म्हणजे वाइंडिंग, आतली तारेची गुंडाळी, शाबूत. थेट सप्लाय दिला तर मस्त फिरला. म्हणजे मी चांगला पार्ट काढून नवीन बसवला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या टायमरमध्ये एक छोटी सिंक्रोनस मोटर असते, म्हणजे ती मेन लाइनच्या ५० किंवा ६० हर्ट्झवर ठरलेल्या वेगाने फिरते, गिअरमधून एक कॅम, म्हणजे उंचवटे असलेला फिरता भाग, सरकवते आणि त्या कॅमचे उंचवटे कॉन्टॅक्ट दाबतात-सोडतात, कधी पाणी, कधी मोटर, कधी पंप. डायल अडकला म्हणजे टायमरच खराब असं मुळीच नसतं. बऱ्याच मशीनमध्ये पाणी भरेपर्यंत टायमरच्या मोटरला करंटच मिळत नाही, प्रेशर स्विचने पाण्याची लेव्हल झाली असं सांगितल्यावरच ती फिरते, त्यामुळे इनलेट व्हॉल्व्ह चोक असेल किंवा ड्रेन पाइप खाली घसरून पाणी आपोआप बाहेर जात असेल तरी लोक म्हणतात टायमर अडकला. ड्रायरचंही तसंच, ऑटो सायकलमध्ये पुरेसं गरम झाल्यावर थर्मोस्टॅटने हीटर तोडला की मगच टायमर पुढे सरकतो, हीटर गेला असेल तर तो तिथेच उभा. म्हणून अडकलेल्या अवस्थेत मोटरला व्होल्टेज येतंय का हे आधी बघायचं. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी मी पहिल्या दिवशी बघितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आधी काकूंना म्हणलं, तुम्ही रोज जसं लावता तसंच लावा. त्यांनी खाली धुणं सुरू केलं, मी पॅनल उघडून मोटरच्या दोन वायरींवर मीटरच्या क्लिपा लावून ठेवल्या, पूर्ण व्होल्टेज, डायल पुढे चाललेला. मग त्यांनी ड्रायर लावला. ड्रम फिरायला लागला तशी अख्खी बॉडी हलकी थरथरायला लागली आणि मीटरचा आकडा नाचायला लागला आणि मग सरळ शून्य! ड्रायर बंद केला तरी शून्यच, पण वाळक्या लाकडी पट्टीने वायरींचा जुडगा जरासा सरकवला की व्होल्टेज परत हजर. काकू मागे उभ्या होत्या. "मी सांगितलेलं ना," एवढंच म्हणाल्या, आणि मी म्हणलं हो काकू, तुम्ही बरोबर होता, मी ऐकलं नाही.

प्लग काढला आणि कनेक्टर बाहेर घेतला. मोटरच्या वायरीचा लग, म्हणजे टोकाची धातूची पकड, पसरलेला होता, ज्या पत्तीवर तो घट्ट बसायला हवा तिच्यावर नुसता टेकत होता, पकड अशी नाहीच. जळल्याची खूण काही नव्हती, कारण ही मोटर इतका कमी करंट घेते की लग तापत नाही, त्यामुळे नुसतं डोळ्याने बघून काहीच कळलं नसतं. नवीन टायमर बसवताना मी कनेक्टर काढून दाबून बसवला तेवढ्याने दोन दिवस तो धरून राहिला. शिवाय वायरींचा जुडगा टायने मागच्या पट्टीला इतका ताणून बांधलेला की प्रत्येक थरथरीला वायर ओढली जायची.

लग पक्कडने दाबून काम भागलं असतं पण एकदा सैल पडलेला लग परत सैल पडतोच, म्हणून कापून नवीन लग क्रिम्प केला, म्हणजे वायरीवर दाबून पक्का बसवला. टाय तोडून वायरीला ढील दिली. मग स्पिरिट लेव्हल लावून मशीन सरळ उभं आहे का बघितलं तर मशीनचा मागचा एक पाय जमिनीला टेकतच नव्हता, एवढी थरथर का होती ते तेव्हा कळलं. तो पाय फिरवून लॉकनट घट्ट केला.

नवा टायमर काढून त्यांचा जुनाच परत बसवला आणि नव्याचे पैसे परत केले. काकू नको नको म्हणत होत्या, "दोनदा आलात ना," पण ते पैसे घेण्यासारखे नव्हतेच. मग खाली वॉशर आणि वर ड्रायर दोन्ही एकदम लावून डायलवर पेन्सिलीने खूण केली आणि पूर्ण सायकल होईपर्यंत तिथेच स्टुलावर बसलो. वॉश, रिन्स, स्पिन, दर थोड्या वेळाने टक्क, आणि शेवटच्या टक्कला मशीन आपोआप बंद झालं, वरचा ड्रायर तेव्हाही फिरतच होता.