बेड्या घातलेले हात

काल रात्री 2016 च्या ग्रॅमी सोहळ्याचा तो व्हिडिओ पुन्हा लावला. अमेरिकन रॅपर केंड्रिक लामार मंचावर येतो तो पाय ओढत. हातांत बेड्या, मागे साखळीने जोडलेले काळे पुरुष, बाजूला गजांआड सॅक्सोफोन वाजवणारा वादक. बेड्यांसकट तो हात माइकपाशी नेतो, तिथे माझा घसा दर वेळी दाटून येतो.

ती साखळी नुसती नेपथ्याची नाही. 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतली गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या मजुरीला वाट ठेवली. त्याच वाटेने दक्षिणेतल्या राज्यांनी काळे कैदी शेतमळ्यांना, खाणींना भाड्याने दिले. आज देशात काळे लोक साधारण 13 टक्के; तुरुंगात मात्र दर तिघांत जवळपास एक काळा.

कलाकारांनी गावं, राजकारणात पडू नये, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. 1963 मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार काळ्या मुली गेल्या, तेव्हा गायिका नीना सिमोनने त्या संतापातूनच गाणं रचलं. तिने दुसरं काय गायचं होतं?

व्हिडिओ संपतो तेव्हा केंड्रिकच्या मागे आफ्रिकेचा नकाशा असतो, त्यावर त्याच्या गावाचं नाव: कॉम्प्टन. तिथे थांबवून मी बराच वेळ बघत बसले.